दगडावरच्या दोन पाकळ्या

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, अवेळी वाजणाऱ्या फोनला भिते. माझं काम ऐकून लोकांना वाटतं, बाई धीराची असणार. रत्नागिरीच्या एमआयडीसीत एका खासगी प्रयोगशाळेत मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवते. पण धीर लागतो तो असलं महागडं यंत्र विकत घेणाऱ्याला. चालवणाऱ्याला नुसती सवय लागते.

आमच्याकडे दगड येतात. तेल शोधणाऱ्या कंपन्या समुद्राच्या तळाखालून, कुठकुठल्या विहिरींतून दगडाचे लांबट गोल तुकडे कापून काढतात, आणि त्यातला शेंगदाण्याएवढा कपचा माझ्या हातात पडतो. जमिनीखाली तेलाचं तळं असतं असं पुष्कळांना वाटतं. आमच्या गावात तर मी सांगूनही कुणाला पटलेलं नाही. तेल असतं ते दगडातच, वाळूच्या कणाकणांमधल्या फटींत, खाऱ्या पाण्याच्या शेजाराला. कंपनीला एकच गोष्ट कळायला हवी असते: कणाच्या अंगाला चिकटून कोण बसलंय, पाणी की तेल? पाणी बसलं असेल तर तेल सुटून वर येतं. तेलच धरून बसलं असेल तर मग ते काढताना नाकी नऊ येतात.

हे बघायचं म्हणजे खटाटोप. कपचा तसाच यंत्रात ठेवला तर आत हवा नसल्यामुळे पाणी उडून जातं, तेलही जागेवर राहत नाही. म्हणून आधी तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा. इतकी थंडी अंगावर आली की पाणी आणि तेल जिथे असतील तिथे, ज्या आकारात असतील त्या आकारात गोठतात. मग थंडीतच त्याचा टवका उडवायचा आणि आतलं बघायचं. पाण्यात मीठ असतं, तेलात नसतं, त्यावरून यंत्र दोघांना वेगळं दाखवतं. या सगळ्यात बाहेरची हवा लागू द्यायची नाही. आमच्या हवेत पाणी किती असतं ते काय सांगायचं. क्षणभर दार उघडं राहिलं तरी कपच्यावर हिमाची बुरशी धरते आणि आठवड्याचं काम वाया.

एक गोष्ट मी या कामात शिकले, ती पुढे फार उपयोगी पडली आणि फार महागातही पडली. वाळूचा कण मुळात पाणी धरणारा असतो. पण तेल शेजारी येऊन फार काळ बसून राहिलं, की कणाच्या अंगावर त्याचा पातळसा लेप चढतो. मग तोच कण पाण्याला जवळ येऊ देत नाही. आमचे सर म्हणतात, दगडाला वळण लागलं. दगड तोच असतो, पण आता तो स्वतःच्या मनाने वागत नाही.

माझी आई वारल्यापासून बाबा पावस गावाच्या पुढे आमच्या गावी एकटे राहतात. आयुष्यभर त्यांनी एसटी चालवली, जास्त करून रत्नागिरी-कोल्हापूर. निवृत्त झाल्यावरही गाडीत बसले की उजवा पाय आपोआप दाबायचे. मी रत्नागिरीत खोली घेऊन राहते आणि स्कूटरवरून सुट्टीला गावी जाते. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांची पाठ दुखायला लागली. गॅस असेल म्हणून त्यांनी ओवा खाल्ला, मग मी ओढून सोनोग्राफीला नेलं. सोनोग्राफी करणारा डॉक्टर आधी बडबड करत होता, तो मधेच गप्प झाला.

पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. बोटाएवढी असायची ती लिंबाएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन करून घ्या. वेळ काढू नका. फुटली तर तिथपर्यंत पोचायलाही मिळायचं नाही." जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, जोरात खोकायचं नाही.

"मंग हसायचं तरी काय?" बाबांनी विचारलं.

"हसा की," डॉक्टर म्हणाले.

बाबा हसले. मी त्यांच्या पोटाकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून मी कामावरून रोज गावी जायला लागले. मागच्या खोलीत बाबा शिंकले की इकडे माझ्या हातातली पळी थांबायची. विहिरीवरून कळशी उचलताना दिसले की मी धावत सुटायची, आणि ते म्हणायचे, "अगो, रिकामी हाय ती." रात्री त्यांचं घोरणं ऐकू आलं की बरं वाटायचं, थांबलं की उठून बसायची. प्रयोगशाळेत फटींत गोठलेले थेंब बघताना मला सारखी त्यांच्या पोटातली ती भिंत दिसायची, आतून दाब खात पातळ होत चाललेली. भीती माणसाला खाते म्हणतात, ते खोटं नाही. मला जेवण जात नव्हतं आणि जिभेला मात्र धार चढली होती. सरांवर ओरडले, रिक्षावाल्यावर ओरडले, स्कूटरला लाथ मारली.

कोल्हापूरची तारीख मिळाली. बाबांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "आधी देवाला विचारूया. कौल मिळाला की जाऊ."

मला वाटलंच होतं. आमच्याकडे लग्न, घराचा पाया, विहिरीची जागा, काहीही असो, ग्रामदेवाचा कौल घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो आणि मूर्तीच्या छातीवर डावीउजवीकडे ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी गळली तर देवाचं होय, डावी गळली तर नाही. मी शाळेत असताना हसायची याला. पण आईच्या ऑपरेशनच्या वेळी सगळं घाईत झालं, कौल लावायचा राहिला, आणि आई परत आली नाही. बाबांनी त्यावरून कधी कुणाला बोल लावला नाही. फक्त त्यानंतर ते देवळासमोरून जाताना चपला काढून जरा जास्त वेळ उभे राहायचे.

"विचारा," मी म्हटलं. "देव काय नाही म्हणणार आहे?"

देव नाही म्हणाला. गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या, हात मागे घेतला न घेतला तोच डावी सुळकन खाली आली. बाबांनी हात जोडले, खालची पाकळी उचलून डोळ्यांना लावली, आणि वाटेत माझ्याशी भाताच्या लोंब्यांबद्दल बोलत घरी आले. मी तारीख पुढे ढकलली. चार दिवसांनी पुन्हा कौल लावला. पुन्हा डावी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन मी नको ते बोलले. "फुलाची पाकळी पडते ती वाऱ्याने पडते बाबा. तिला काय ठाऊक तुमच्या पोटात काय आहे?" बाबा शांतपणे भाकरी मोडत होते. "आईच्या वेळी तुम्ही शिकलेली माणसं काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "किरकोळ हाय, म्हणालात." मी मागल्या दारी जाऊन उभी राहिले. एखाद्या संध्याकाळी कामावरून येईन आणि हा माणूस पडवीत पडलेला असेल, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच देवळात गेले. भांडायलाच गेले होते, गुरवकाकांशी नाहीतर देवाशी, जो भेटेल त्याच्याशी. काका देवाला आंघोळ घालत होते. "तुला सांगतो बाय," ते हळूच म्हणाले, "तुझ्या बाबाचंच नाय. शिमग्यापासून एकालापण उजवा दिलेला नाय. तीन लग्नं मोडली. लोक म्हणतात देव कोपलाय." म्हातारा पार खंगला होता. गावाला नाही सांगायचं काम त्याच्याच तोंडी आलं होतं, आणि लोक आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले होते.

मी ऐकत होते, पण माझी नजर मूर्तीवर होती. काकांनी तांब्या ओतला. पाणी देवाच्या छातीवरून पसरत गेलं नाही. त्याचे गोल गोल थेंब झाले आणि अळवाच्या पानावरून निसटावेत तसे ते घरंगळून गेले. काळ्या दगडावरचं पाणी असं वागत नाही. मी रोज हेच बघते, माझा जन्म गेलाय यात.

"काका, शिमग्याच्या आधी काय केलंत देवाला?"

"वज्रलेप नाय काय केला? गावच्या मुंबईकरांनी कारागीर धाडले होते. मूर्ती झिजत होती ना."

मूर्ती झिजू नये म्हणून तिच्यावर रसायनाचा तो लेप चढवतात, तकतकीत, टणक. कारागिरांनी देवाच्या छातीवरच्या, पिढ्यान् पिढ्या गुरवांच्या अंगठ्यांनी पडलेल्या दोन खळग्याही बुजवून टाकल्या होत्या. डावीकडची चांगली सपाट झाली होती. उजवीकडची किंचित खोलगट राहिली होती. ओली पाकळी डावीकडे ठरणारच नव्हती, ना बाबांसाठी, ना कुणासाठी. गावाने देवाचं अंग राखायला म्हणून लेप लावला आणि देवाचा आवाजच बंद करून टाकला, आणि कुणाच्या ते डोक्यातही आलं नाही.

खरं तर हे डोळ्यांनीच दिसत होतं. पण भ्यालेल्या माणसाला दोन डोळे पुरत नाहीत. कारागिरांनी रंग बघायला आधी एका काळ्या दगडाच्या तुकड्यावर लेप लावून पाहिला होता; अर्ध्या तुकड्यावर लेप, अर्धा उघडा. तो देवळाच्या दाराला अडसर म्हणून पडला होता. देवाच्या अंगाला हात लावायची माझी छाती नव्हती. तो तुकडा मी काकांना विचारून पिशवीत घातला.

सरांना खरं काय ते सांगितलं. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. "कंपनीचे कपचे झाले की बघ," म्हणाले. मी दोन्ही बाजूंचे टवके काढले, दोघांवर पाण्याचा बारीक फवारा उडवला आणि नायट्रोजनमध्ये बुडवले. चिमट्यातून एक टवका सुटला आणि तळाशी गेला. पुन्हा केलं. पडद्यावर उघड्या दगडाचा भाग आला तेव्हा पाणी त्याच्या प्रत्येक खाचेत शिरून तव्यावरच्या घावनासारखं पातळ पसरून गोठलेलं होतं. लेपाच्या बाजूला तेच पाणी गोळ्या गोळ्या होऊन वरच्यावर बसलं होतं, जेमतेम टेकलेलं. विहिरीतल्या तेलाने वळण लावलेल्या कणांवर दिसतं, अगदी तसंच. मी कितीतरी वेळ बघत बसले. महिन्याभरात पहिल्यांदा मला भूक लागली.

संध्याकाळी ते फोटो घेऊन गावी गेले. बाबांना आणि गुरवकाकांना पडवीत बसवून दोन्ही फोटो दाखवले, समजावून सांगितलं. काकांनी फोटो बघितला आणि त्यांचं तोंड उतरलं. "हे गावात बोलू नको हां," ते म्हणाले. "शिमग्यापासून मीच नाय नाय सांगतोय सगळ्यांना. माझं काय करतील?" तेही भ्यालेच होते. बाबांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पुन्हा बघितला. गाडीचा आवाज बदलला की ते असेच गप्प होऊन ऐकायचे.

"म्हणजे देव बोलत नाय," ते शेवटी म्हणाले. "लेप बोलतोय."

"तेच तर सांगतेय मी."

"बरोबर हाय तुझं," बाबा म्हणाले, आणि मी मनात नारळ फोडला. मग ते म्हणाले, "मंग ज्याला लेप नाय, त्याला विचारूया. सड्यावरच्या राखणदाराला. त्याचा कौल चालतो ना रे गुरवा?"

"चालतो की," काका म्हणाले. त्यांना तर सुटल्यासारखं झालं.

राखणदार म्हणजे सड्यावरचा, गावावरच्या कातळाच्या माळावरचा, जांभ्याचा एक उभा दगड. मूर्ती नाही, नाकडोळे नाहीत, गावाची शीव राखतो एवढंच. त्याला कुणी कधी लेप लावला नव्हता. मी काय बोलणार होते? लेप लावलेला दगड खरं सांगत नाही असं मीच तर पटवून दिलं होतं. म्हणजे उघडा दगड खरं सांगतो, हेही त्यात आलंच. मला तसं म्हणायचं नव्हतं. पण बाबांनी ते तसंच घेतलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तसंच घेतलं असतं. आपल्याच हाताने पायावर कुऱ्हाड मारून घेणं म्हणतात ते हेच. देवळातल्या डाव्या कौलाला माझ्याकडे उत्तर होतं. राखणदाराने डावा दिला, तर माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

कोल्हापूरची नवी तारीख घेतली. आदल्या दिवशी दाखल व्हायचं होतं. बाबा म्हणाले, त्याच दिवशी सकाळी कौल लावू. उजवा पडला की तसेच गाडीत बसू, डावा पडला तर गाडी परत पाठवू. पिशव्या भरल्या, रिपोर्ट घेतले, भाड्याची गाडी डांबरी रस्त्यावर उभी केली. तिथून सड्यावर पायवाटेने चढ आहे. बाबांना मी चढ चढू देत नव्हते, ते ऐकत नव्हते. मी त्यांच्या मागून चालत होते आणि प्रत्येक पावलाला त्यांच्या कमरेकडे बघत होते, जसं काही मला बाहेरून दिसणारच होतं.

पाऊस सरत आला होता. सड्यावर अजून पाणी साठलेलं, तेरड्याची फुलं, आणि मधोमध तो दगड. जांभा भोकाभोकांचा, पावसाळाभर पाणी पिऊन तट्ट झालेला. गुरवकाकांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, ते दगडाने अंगभर पसरून घेतलं. तगरीच्या दोन पाकळ्या काकांनी दोन्ही बाजूंना लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, ह्यो तुझ्या शिवेतला माणूस. आजवर तुझ्या सड्याखालून गाडी नेली, कुणाच्या पायाला ठेच लागू दिली नाय. आता त्याचं पोट कापायचं म्हणतात. जायाचं असंल तर उजवा दे, ऱ्हायचं असंल तर डावा दे."

"होय महाराजा," बाबा म्हणाले. मीही म्हटलं.

पाकळ्या हलल्या नाहीत. आम्ही उभे राहिलो. मी देव मानत नाही असं मी कुठेही छाती ठोकून सांगेन, पण त्या वेळी मला दुसरं काही दिसत नव्हतं. डोळे बारीक करून मी त्या पाकळ्यांच्या कडा बघत होते. ओल्या दगडावर पाणी पाकळीला घट्ट धरतं, हे मला माहीत होतं. उन्हाने ते कधी सुकेल, कुठल्या बाजूने आधी सुकेल, वारा कुठून येईल, हे मला माहीत नव्हतं. एवढं मोठं यंत्र चालवते, पण त्या क्षणी मला त्या पाकळीमागचं पाणी बघता येत नव्हतं. डाव्या पाकळीचं टोक जरा सुटल्यासारखं झालं. मग ते पुन्हा बसलं. खाली रस्त्यावर ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. फुंकर मारावी, असंही मनात येऊन गेलं. पण कुठल्या बाजूला मारायची हे माहीत असूनही ओठ हलेनात. राखणदार बघत असेल ही भीती होती, दुसरं काही नाही.

ऊन चढलं. बाबांच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाय, पाय कापतायत माझे."

"बसा ना बाबा. त्या कातळावर बसा."

"बसून नाय व्हायचं." ते दगडाकडेच बघत होते. आवाज अगदी खाली आला होता, काकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मला भ्या वाटतंय गो. देवळात डावा पडला ना, दोन्ही वेळेला, तवा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. देवच नको म्हणतोय तर कोण काय करणार?"

इतके दिवस मी देवाशी भांडत होते, लेपाशी भांडत होते, फोटो काढून आणत होते. आणि हा माणूस त्या पाकळीच्या आडोशाला उभा होता, माझ्याइतकाच भेदरून. त्याचा आडोसा मीच काढून घेतला होता.

"मलापण भीती वाटते बाबा," मी म्हटलं. "रोज वाटते. तुम्ही शिंकलात तरी वाटते."

"ठाव हाय मला. म्हणून तर मी शिंक आवरतो."

दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे होत्या. बाबांनी रस्त्याच्या दिशेने मान वळवली. गाडीचा टप तेवढा झाडांमधून दिसत होता.

"इंजिन चालू ठेवलंय त्याने," ते म्हणाले. "डिझेल जाळतोय फुकटचं."

मग त्यांनी खाली वाकून राखणदाराच्या पायाशी हात टेकला. मला वाटलं उठायला जमणार नाही, पण उठले. गुरवकाकांना म्हणाले, "तू थांब हितं. बघ काय पडतं ते. आम्ही निघतो."

"कौल न घेता?" काका दचकलेच. "भाऊ, असा अर्ध्यावर नाय टाकत कुणी."

"अर्ध्यावर कुठं? तू हायस ना."

पायवाट उतरताना त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मी मागे वळून बघितलं नाही. मला भीती होती की मी वळेन आणि त्याच क्षणी एक पडेल.

पाली गाव मागे पडलं. साखरप्याला बाबांनी चहा मागितला. ऑपरेशनआधी चालतो का म्हणून मी कोल्हापूरच्या हॉस्पिटलला फोन करून विचारलं, तसे बाबा हसले. आंबा घाट लागला तसे बाबा सरळ होऊन बसले. ड्रायव्हर पोरसवदा होता, त्याला गियर कुठे टाकायचा ते मागून सांगायला लागले. धुकं होतं. आम्ही चढत होतो आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजला.

पडद्यावर गुरवकाकांचं नाव होतं.

मी फोन उलटा केला नाही, बंदही केला नाही. मला काही करताच येत नव्हतं. बाबांनी वाकून पडद्याकडे बघितलं. वाचायला चष्मा लागतो त्यांना, पण तेवढं त्यांना चष्म्याशिवाय वाचता आलं. फोन वाजत राहिला. ज्या माणसाने भाताच्या पेरणीपासून माझ्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत एक गोष्ट कौलाशिवाय केली नाही, आणि एकदाच चुकून केली तर बायको गमावली, त्याने माझ्या हातावर आपला हात ठेवला. तळवा घामाने ओला होता.

"वाजू दे," ते म्हणाले. "पुढल्या वळणाला रेंज जाते."

त्या वळणाला रेंज गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण हात काढला नाही. दुसऱ्या दिवशी थिएटरच्या दाराशी नर्सने तो सोडवून घेतला. नंतर बाहेरच्या बाकड्यावर मी जे बसून काढलं ते मला सांगता येणार नाही, आणि सांगायचंही नाही. फोन मी बंद करून पिशवीच्या तळाशी घातला होता.

बाबा आहेत. पडवीत बसतात, पोटावरचा व्रण आल्यागेल्याला दाखवतात, कळशी भरलेली उचलतात आणि माझ्याकडे बघून हसतात. देवाचा लेप अजून तसाच आहे. तो खरवडायचा तर देवाच्या छातीला हत्यार कुणी लावायचं, यावर गावाचं घोडं अडलंय. तोवर लोक कौल घ्यायला सड्यावर जातात. बाबा घरी आल्यापासून गुरवकाका रविवारी आमच्याकडे येऊन बसायला लागलेत. ते थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलतात, मग घसा खाकरतात आणि म्हणतात, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर..."

"बाय," बाबा आतल्या बाजूला तोंड करून सांगतात, "गुरवाला चाय आण. साखर जास्ती घाल."

मी चहा ओतून बाहेर नेते. साखर मी दोन चमचे जास्तच घातलेली असते.